बेपत्ता वैमानिक, सातबाऱ्यावरचं नाव आणि अर्धंच वाचलेलं पत्र

हे प्रकरण सिंधुदुर्गातल्या किनाऱ्यावरच्या एका कुटुंबाचं आहे. नावं, गाव, स्क्वाड्रनचा नंबर, नक्की तारीख हे सगळं मुद्दाम काढून टाकलंय. जुने इंग्रजी कागद वाचून द्यायला मला बोलावलं होतं, त्यामुळे बराचसा भाग जवळून बघितला. लढाईत गेलेल्या माणसाचं प्रकरण म्हटलं की लोकांना वाटतं शौर्यकथा असणार, पण इथे निम्मी लढाई सातबाऱ्यावर झाली, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही असं माझं मत आहे.

पार्श्वभूमी

घर खाऊनपिऊन सुखी. वडिलांचा नारळ-सुपारीचा आणि मिठाचा व्यापार, शिवाय कलमांची बाग. थोरला मुलगा, त्याला इथे अण्णा म्हणू, बोटीने मुंबईला शिकायला गेला. तेव्हा कोकणातून मुंबईला जायचं म्हणजे बोटच. जुहूचा फ्लाइंग क्लब १९२८ पासून सुरू होता, तिथली विमानं बघून नाद लागला असं घरचे सांगतात. महायुद्ध सुरू झाल्यावर हवाई दलाला माणसं हवी होती, अण्णा व्हॉलंटियर रिझर्व्हमधून भरती झाले. लाहोरजवळ वॉल्टनला सुरुवातीचं शिक्षण, मग अंबाला, मग रिसालपूरला लढाऊ विमानांचा सराव. मधल्या एका रजेत लग्न झालं. बायकोला घरात सगळे काकी म्हणत, मीही तेच म्हणतो. नवराबायको एकत्र राहिले ते रजेचे दिवस सोडले तर जवळजवळ नाहीच.

१९४३ संपता संपता अण्णा ब्रह्मदेशाच्या आघाडीवर, अराकानात गेले. काम टेहळणीचं, विमान हरिकेन. इथे जरा थांबून हे काम काय होतं ते सांगावं लागेल कारण पुढचं सगळं प्रकरण त्यावर उभं आहे. त्या काळात अराकानात भारतीय हवाई दलाची ६ नंबरची स्क्वाड्रन मेहर सिंग यांच्या हाताखाली हेच काम करायची, तिला चौदाव्या आर्मीचे, म्हणजे ब्रह्मदेशात लढणाऱ्या ब्रिटिश-भारतीय फौजेचे डोळे म्हणायचे, आणि मेहर सिंग यांना १९४४ मध्ये डीएसओ हा मोठा लष्करी सन्मान मिळाला, अख्ख्या महायुद्धात भारतीय हवाई दलातल्या दुसऱ्या कुणाला तो मिळाला नाही. अण्णा अशाच एका टेहळणी स्क्वाड्रनमध्ये होते. टेहळणीची विमानं जोडीने जायची. पुढचा वैमानिक खाली बघायचा, रस्ते, पूल, होड्या, झाडाखाली लपवलेल्या गाड्या, फोटो काढायचे, नकाशावर खुणा करायच्या. मागचा वैमानिक पुढच्याची पाठ सांभाळायचा, सारखा डावीकडे उजवीकडे वळत आकाश बघत राहायचा की जपानी विमान तर येत नाही ना. म्हणजे पुढच्याकडे लक्ष ठेवायला मागचा असतो, पण मागच्याच्या मागे कुणीच नसतं. अण्णा मागचे होते.

१९४४ च्या सुरुवातीला मायू डोंगररांगांच्या आजूबाजूला जोरदार लढाई चालू होती. मौंगडॉ, बुथिडाँग ही नावं तेव्हा पेपरात रोज यायची, फेब्रुवारीत जपान्यांनी मोठा हल्ला चढवला आणि एका भारतीय डिव्हिजनच्या पिछाडीच्या छावणीला वेढाच घातला. अशा वेळी टेहळणीची उड्डाणं दिवसातून कितीतरी वेळा व्हायची. त्यातल्याच एका सकाळी जोडी गेली आणि एकच विमान परत आलं.

घरी तार आली, बेपत्ता. काही आठवड्यांनी जोडीदार वैमानिकाचं इंग्रजी पत्र आलं. पुढे सरकारी पत्र आलं की अधिकृत कामासाठी त्यांना मृत समजण्यात येत आहे. हवाई दलात साधारण सहा महिने वाट बघून असं ठरवायची पद्धत होती. मग काकींना पेन्शन सुरू झालं.

अडचण काय झाली

वडिलांनी क्रियाकर्म करू दिलं नाही. देह नाही, पाहणारा नाही, मग कसलं कर्म. आपल्याकडे बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट बघायची आणि मग दर्भाची, पळसाच्या पानांची प्रतिकृती करून पालाशविधी करायचा अशी रीत आहे, भटजींनी तेच सांगितलं. बारा वर्षं १९५६ मध्ये भरणार होती. त्याआधीच वडील गेले आणि नंतर काकींना विचारायची कुणाची हिंमत झाली नाही. काकी शेवटपर्यंत कुंकू लावायच्या. आणि त्याच काकी उपकोषागारात जाऊन विधवेचं पेन्शन घ्यायच्या, हयातीचा दाखला द्यायच्या, पुनर्विवाह केलेला नाही म्हणून सही करायच्या. बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटेल, मला नाही वाटत. पेन्शन सरकारचं, कुंकू त्यांचं.

किनाऱ्यावरच्या गावांना अशी माणसं नवी नाहीत. मासेमारीला गेलेला खलाशी परत येत नाही, १९४७ च्या जुलैमध्ये रेवसला जाणारी रामदास बोट बुडाली त्यात सहाशेच्या वर माणसं गेली आणि कितीतरी घरांना शेवटचं दर्शनसुद्धा झालं नाही. पण त्या बोटीबद्दल निदान बुडाली एवढं तरी नक्की होतं. अण्णांच्या बाबतीत तेही नाही.

त्यातून दंतकथा तयार झाल्या. एक अशी की जपान्यांनी पाडलं. दुसरी अशी की ते सुखरूप उतरले आणि आझाद हिंद सेनेत सामील झाले. ही दुसरी कथा कधी जन्मली ते मला तरी स्पष्ट दिसतं. १९४५ च्या नोव्हेंबरात आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवरचे लाल किल्ल्यातले खटले सुरू झाले, १९४६ च्या फेब्रुवारीत मुंबईत नौसैनिकांचं बंड झालं, गावोगाव त्याच गोष्टी, आणि अशा वेळी आपला मुलगा इंग्रजांसाठी उडताना गेला हे सांगणं घराला जड गेलं असणार. आणि जपान्यांबरोबर आझाद हिंद सेनेच्या तुकड्याही त्या वेळी अराकानात होत्याच, म्हणजे गोष्ट अगदीच हवेतली नव्हती. फक्त अण्णांशी तिला जोडणारा एक चिटोरा कुणाकडे नव्हता.

आता सातबारा. वडिलांच्या पश्चात बागेवर भावंडांची नावं लागली त्यात अण्णांचंही लागलं, आणि ते तसंच राहिलं. काकी नव्वदच्या दशकात गेल्या तेव्हा मूलबाळ नाही म्हणून कुणी काही हलवलं नाही. दोन पिढ्या गेल्या. मग पुतणे मंडळींनी वाटप करायचं ठरवलं, आणि तलाठ्याने, आता त्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं पण गावात अजून तलाठीच म्हणतात, साधा प्रश्न विचारला की हे गृहस्थ कोण, मयत असतील तर दाखला आणा. शंभरी पार केलेला माणूस कागदावर जिवंत. वाटप तिथेच अडकलं.

त्याच सुमारास गावच्या शाळेत जुन्या विद्यार्थ्यांचा फलक लावायचं निघालं आणि अण्णांच्या नावापुढे काय लिहायचं यावरून घरात दुसरं भांडण सुरू झालं. पुतण्याला, त्यांना भाऊ म्हणू, कागदावर असेल तेवढंच हवं होतं. मुंबईच्या चुलतभावाला आझाद हिंद सेना हवी होती. आणि अण्णांची धाकटी बहीण, आत्ये, नव्वदीच्या, त्यांना यातलं काहीच नको होतं. "मेलो तो कोणी बघल्यान? तुमी बघलास?" एवढंच त्या विचारायच्या आणि त्यावर कुणाकडे उत्तर नव्हतं.

कोणते पर्याय समोर होते

पहिला पर्याय नेहमीचा, काही करू नका. अण्णांचं नाव राहू दे, तोंडी वाटप करून ज्याने त्याने आपापली कलमं राखावीत. कोकणात निम्म्या बागा अशाच चालतात. पण सामाईक जमिनीत एकालाही बँकेचं कर्ज हवं असलं की सगळ्यांच्या सह्या लागतात, आणि जो माणूस सत्तर-पंचाहत्तर वर्षं बेपत्ता आहे त्याची सही आणणार कुठून.

दुसरा पर्याय ग्रामपंचायतीतून मृत्यूचा दाखला. हा सगळ्यांना सोपा वाटत होता. पण जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यात मृत्यू जिथे झाला तिथल्या निबंधकाकडे नोंद होते. ब्रह्मदेशातला मृत्यू इथल्या ग्रामसेवकाने नोंदवायचा कसा. मग एकाने शक्कल लढवली, की पन्नासच्या दशकात इथेच घरी वारले असं दोन म्हाताऱ्यांकडून प्रतिज्ञापत्र घेऊन लिहून टाकू, कोण बघतंय. हा या प्रकरणातला सगळ्यात धोक्याचा क्षण होता असं मला वाटतं आणि तो चहा पिता पिता आला, कुणी आवाजसुद्धा चढवला नाही. भाऊंनी नाही म्हटलं. त्यांचं कारण नैतिक कमी आणि व्यवहारी जास्त होतं, उद्या चुलतभाऊ बिनसला तर हाच कागद घेऊन पोलिसात जाईल. कारण काहीही असो, नकार बरोबर होता. काकी चाळीसच्या दशकापासून पेन्शन घेत होत्या, म्हणजे ते खोटं पहिल्याच तपासणीत उघडं पडलं असतं.

तिसरा पर्याय, पेन्शनचे कागद जोडून थेट वारस नोंद. वकिलांना वाटत होतं हे जमावं, कारण सरकारनेच मृत मानून पेन्शन दिलंय. अडचण अशी की फेरफाराला कुणी हरकत घेतली की तो तक्रारीच्या नोंदीत जातो, आणि चुलतभाऊ हरकत घेणार हे उघड होतं.

चौथा, दिवाणी कोर्टातून मृत्यूची घोषणा. पुरावा कायद्याच्या कलम १०८ मध्ये असं आहे की ज्यांना एखाद्याची खबर लागायला हवी त्यांना सात वर्षं ती लागली नाही, तर तो जिवंत आहे असं म्हणणाऱ्याने ते सिद्ध करायचं. आता २०२४ पासून नवा साक्ष्य अधिनियम आलाय पण तत्त्व तेच आहे. यातली एक मेख बऱ्याच लोकांना माहीत नसते. सात वर्षांनी मृत्यू गृहीत धरता येतो, मृत्यूची तारीख गृहीत धरता येत नाही, ती जो सांगेल त्याने सिद्ध करायची, २००४ मध्ये एलआयसी विरुद्ध अनुराधा या निकालात सुप्रीम कोर्टाने हे स्पष्ट केलंय.

म्हणजे बघा, एकाच माणसासाठी तीन घड्याळं चालू होती. हवाई दलाचं सहा महिन्यांचं, कायद्याचं सात वर्षांचं, धर्माचं बारा वर्षांचं. तिन्ही केव्हाच वाजून गेली होती आणि घर मात्र चौथ्याच गोष्टीची वाट बघत होतं, नक्की काय झालं ते कळण्याची.

प्रत्यक्षात काय केलं

मला विचारलंत तर सगळं प्रकरण फिरलं ते एका बैठकीत. वकील बाई तरुण होत्या, सिंधुदुर्गातल्याच. त्यांनी कागदावर तीन प्रश्न वेगळे लिहिले. अण्णा आता हयात नाहीत हे कायद्याला पटवायचं आहे का? त्या दिवशी काय झालं ते समजून घ्यायचं आहे का? आणि विमान कुठे पडलं ते शोधायचं आहे का? घरातले सगळे इतकी वर्षं हे तीन प्रश्न एकच समजत होते, आणि तिसऱ्याचं उत्तर मिळत नाही म्हणून पहिल्याला हात लावत नव्हते. पहिल्याला पुरावा थोडा लागतो, दुसऱ्याला कागद लागतात, तिसऱ्याला नशीब. त्यांनी सांगितलं की पहिला आजच सुरू करू, दुसऱ्यासाठी घरातली ट्रंक उघडा, तिसरा बाजूला ठेवा.

तारखेवरून थोडी ओढाताण झाली. अण्णा १९४४ ला गेले धरायचे की हिंदू उत्तराधिकार कायदा आल्यानंतर म्हणजे १९५६ नंतर, यावर काकींचा हिस्सा ठरणार आणि त्यावरून काकींच्या माहेरचे उठतील अशी भीती चुलतभावाने घातली होती. वकील बाईंनी शांतपणे कलम १५ दाखवलं, मूलबाळ नसलेल्या बाईला नवऱ्याकडून वारशाने आलेली मिळकत नवऱ्याच्या वारसांकडे परत जाते. कुठूनही गेलं तरी इथे वारस तेच निघत होते. म्हणून दाव्यात तारीख मागायचीच नाही असं ठरलं, फक्त मृत घोषित करा. माझ्या मते हा सगळ्यात शहाणपणाचा निर्णय होता, कारण तारखेच्या मागे लागले असते तर १९४४ मधली घटना कोर्टात सिद्ध करत बसावं लागलं असतं आणि साक्षीदार एकही हयात नाही. सरकारला पक्षकार केल्यामुळे दाव्याआधी सरकारला द्यायची कलम ८० ची नोटीस, तिचे दोन महिने, पेपरात जाहीर नोटीस, मध्ये कोविड, सगळं रीतसर झालं.

ट्रंक उघडली ती मात्र दावा दाखल झाल्यावर. आत तार होती, पेन्शनचं पुस्तक होतं, आणि जोडीदाराचं पत्र होतं. पत्र चार पानी. घरात सगळ्यांना त्यातली एकच ओळ पाठ होती, की तो भाग अवघड आहे पण अण्णा काटक आहेत आणि अशा ठिकाणाहून चालत परत आलेली माणसं आहेत. ही ओळ शेवटच्या पानावर आहे. १९४४ ला गावच्या मास्तरांनी पत्र वाचून दाखवलं तेव्हा बहुतेक त्यांनी शेवट आधी सांगितला, आणि मग रडारडीत बाकीचं राहून गेलं असणार. मधली दोन पानं त्यानंतर कुणी वाचलीच नव्हती, घरात पुढे इंग्रजी येणारे झाले तरी नाही. देव्हाऱ्यातल्या पोथीसारखं ते पत्र फडक्यात बांधून ठेवलेलं.

मधल्या पानांत जे होतं ते साधं होतं. सकाळी निघाले, डोंगर ओलांडले, दरीत ढग खाली उतरलेले होते. जोडीदाराने ढगाच्या कडेने वळण घेतलं, वळण संपवून मागे बघितलं तर अण्णा नाहीत. रेडिओवर हाका मारल्या, उत्तर नाही. पेट्रोल पुरेल तोवर घिरट्या घातल्या. गोळीबार दिसला नाही, जपानी विमान दिसलं नाही, धूरही दिसला नाही. पुढे एका हौशी अभ्यासकाच्या ओळखीने स्क्वाड्रनच्या रोजच्या नोंदवहीतल्या पानाची छायाप्रत मिळाली. त्या तक्त्यात प्रत्येक उड्डाणाची निघण्याची वेळ आणि उतरण्याची वेळ असते. दोन विमानांची निघण्याची वेळ एकच, उतरण्याची वेळ एकाचीच. शेऱ्यात ढगाचा उल्लेख, आणि दुपारी दुसरी जोडी शोधायला जाऊन काही न दिसल्याची नोंद. पत्र आणि पान दोन्ही जुळतात.

याचा अर्थ काय घ्यायचा यावर आम्ही बराच वेळ बोललो. ढगात शिरून डोंगराला धडकले असावेत ही शक्यता मोठी. पण जमिनीवरून झालेला गोळीबार जोडीदाराला दिसलाच असेल असं नाही, तो त्या क्षणी वळणात होता आणि त्याची नजर खाली होती, ते त्याचं कामच होतं. इंजिन बंद पडलं असेल हेही राहतंच. भाऊंना वाटत होतं जोडीदाराने हयगय केली. मला ते अजिबात पटलं नाही. मागच्याकडे बघत बसायचं असतं तर टेहळणी कुणी केली असती. या पद्धतीतच मागचा माणूस साक्षीदाराविना उडतो, त्यात दोष एकाचा नाही.

आझाद हिंद सेनेच्या कथेचं काय करायचं हा नाजूक भाग. चुलतभावाला कुणी खोटं पाडलं नाही. वकील बाईंनी त्याला एवढंच विचारलं की तुमच्याकडे काही कागद असेल तर द्या, आपण कोर्टापुढे ठेवू. कागद नव्हता. पण दुसरी एक गोष्ट त्याला जास्त पटली असावी. भाऊंनी त्याला सबंध पत्र मराठीत करून पाठवलं आणि फोनवर वाचूनही दाखवलं, त्यानंतर त्याने हरकत मागे घेतली. कारण सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही.

राहिलं अण्णांचं नाव कुठे कोरलंय का ते. घरात दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकाचा विचार चालू होता, पण २०१९ ला उघडलेलं ते स्मारक स्वातंत्र्यानंतरच्या शहिदांचं आहे, इंडिया गेटवरची नावं पहिल्या महायुद्धाच्या आणि अफगाण युद्धाच्या काळातली. आग्नेय आशियात गेलेले आणि कबर नसलेले वैमानिक सापडतात ते सिंगापूरच्या क्रांजीमध्ये, तिथल्या स्मारकावर चोवीस हजारांच्या वर सैनिकांची आणि वैमानिकांची नावं आहेत. ते सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ युद्धकबर आयोगाच्या यादीत ऑनलाइन शोधता येतं. आधी सापडलं नाही, कारण घरचे रॉयल एअर फोर्समध्ये शोधत होते. अण्णा भारतीय हवाई दलाचे, आणि त्या दलाला रॉयल हे बिरुद लागलं मार्च १९४५ मध्ये, अण्णा गेल्यानंतर. शिवाय आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग भलतंच. आपली कोकणी आडनावं इंग्रजीत चार प्रकारे लिहिली जातात हे लक्षात ठेवून शोधलं तेव्हा नाव निघालं, वडिलांच्या नावासकट.

निष्पत्ती

कोर्टाने अण्णांना मृत घोषित केलं, तारखेशिवाय. त्यावरून वारस नोंद झाली, मंडळ अधिकाऱ्यांनी फेरफार मंजूर केला.

फलकाचा मजकूर शेवटी आत्येंनीच ठरवला असं म्हणायला हरकत नाही. "माज्या जितेपणी दगडार मेलो म्हणान लिवूचा नाय," असं त्यांनी बजावलं होतं. म्हणून नाव, जन्मसाल, आणि पुढे १९४४ साली अराकान आघाडीवर टेहळणीच्या उड्डाणावर गेले ते परतले नाहीत, एवढंच लिहिलं. काही जणांना हे मिळमिळीत वाटलं, वीर, शहीद असं काहीतरी हवं होतं. मला स्वतःला हा मजकूर आवडला, कारण नोंदवहीतलं पान याच्या पलीकडे एक अक्षर सांगत नाही.

पालाशविधी झाला नाही. भटजींनी विचारलं होतं, भाऊ तयार होते, पण आत्ये असेपर्यंत नको असं घराने ठरवलं.

वेगळं काय करता आलं असतं

सुरुवात जोडीदाराच्या पत्रापासून करतो. चालत परत आलेली माणसं आहेत ही ओळ त्याने मनापासून लिहिली असणार, आणि ती खोटीही नव्हती, जंगलातून परतलेले वैमानिक खरंच होते. पण नवऱ्याची वाट बघणाऱ्या बाईच्या घरी ती शेवटच्या पानावर पोचली की आधीची तीन पानं पुसली जातात. असं पत्र लिहायची वेळ कुणावर येऊ नये, आली तर जे बघितलं ते शेवटी परत एकदा लिहावं आणि धीराची ओळ त्याच्या आधी यावी, एवढंच मला सुचतं. मास्तरांनाही दोष देववत नाही, बापासमोर उभं राहून ते पत्र वाचणं सोपं नव्हतं. पण आठवड्याभराने कुणीतरी परत मागून पूर्ण वाचायला हवं होतं.

दुसरी हुकलेली वेळ १९५६ ची. बारा वर्षं झाली होती, रीत होती, वडील नव्हते. काकींना कुणी विचारलं असतं तर त्या नाही म्हणाल्या असत्या असं सगळे म्हणतात, पण विचारलं कुणीच नव्हतं. विचारून नाही म्हणणं आणि न विचारताच गप्प राहणं यात फरक आहे. आणि सातबाऱ्यावर अण्णांचं नाव नव्याने लागलं ते याच काळात, म्हणजे ज्या माणसाचं पेन्शन घरात येत होतं त्याचंच नाव हयात म्हणून चढलं आणि कुणाला खटकलं नाही. एका घरात दोन सरकारी कागद एकमेकांच्या विरुद्ध बोलत असले तर ते तेव्हाच तहसीलला नेऊन दाखवावेत. तेव्हा ते अर्ध्या दिवसाचं काम झालं असतं.

तिसरं म्हणजे माणसं. ऐंशीच्या दशकापर्यंत त्या काळचे बरेच वैमानिक हयात होते. जोडीदाराच्या पत्रावर त्याचा घरचा पत्ता होता, अगदी गाव-तालुक्यासकट. ट्रंक तेव्हा उघडली असती तर एक पोस्टकार्ड टाकता आलं असतं. नोंदवहीतला शेरा दोन ओळींचा असतो, ढग किती खाली होता, वळण कुठल्या बाजूला घेतलं, हे माणसाला विचारावं लागतं.

आणि ट्रंक दाव्याच्या आधी उघडायला हवी होती. पेन्शनचं पुस्तक आणि पत्र आधी समोर असतं तर कदाचित चुलतभावाची हरकत उभीच राहिली नसती आणि तलाठ्याकडेच काम भागलं असतं. कदाचित म्हणतो, कारण हरकत मागे घेताना त्याला पत्राइतकीच कोर्टाच्या नोटिसीचीही मदत झाली असेल.

विमान शोधायचं अजूनही काहींच्या डोक्यात आहे. भाऊंच्या नातवाने उपग्रहाचे नकाशे काढून ठेवलेत. मी त्याला स्पष्ट सांगितलं की आत्ता नको. तो भाग म्यानमारच्या राखाइन राज्यात येतो, मौंगडॉ आणि बुथिडाँगमध्ये २०२४ ला मोठी लढाई झाली, तिथे परक्या माणसाने दऱ्या धुंडाळत फिरायचे हे दिवस नाहीत. शिवाय त्याच किनाऱ्यावरच्या अक्याबसारख्या (आताचं सित्वे) ठिकाणच्या युद्धकबरी १९५१ मध्ये रंगूनजवळच्या टौक्यानला हलवल्या, तिथे शेकडो कबरी अनोळखी आहेत. विमान सापडलं तरी माणूस तिथेच सापडेल असं नाही.

सध्या दोन गोष्टी चालू आहेत. आयोगाच्या यादीतलं आडनावाचं स्पेलिंग दुरुस्त करायला अर्ज केलाय, सोबत मॅट्रिकचा दाखला आणि पेन्शनच्या पुस्तकाची प्रत जोडलीय, उत्तर यायचंय. आणि वाटपाची मोजणी झाली, फक्त पाणंदीलगतच्या एका तुकड्यावरून दोन घरांत वाद आहे. पेन्शनचं मूळ पुस्तक कुणी ठेवायचं यावरही एकमत झालेलं नाही, त्यामुळे ते तूर्तास वकील बाईंच्या कपाटात आहे.